कलम पहिलं : सभासद कोण

ते पान मी टाईप केलं. दुसऱ्या कुणी नाही, मीच. आता खोलीत जो तो म्हणतो, अरे ठराव सगळ्यांचा होता, तू एकटा कशाला मनाला लावून घेतोस. ऐकायला बरं वाटतं. पण त्या पानावरचं पहिलं कलम माझ्या डोक्यातून आलं आणि माझ्या डोक्यात ते युरोपातून आलं, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्या कलमानं कुशाबाकाकांची बेचाळीस वर्षांची जागा गेली.

आधी खोलीचं सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. लालबागला एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर वेळशेत ग्रामस्थ मंडळाची खोली आहे. वेळशेत हे आमचं गाव, कणकवली तालुक्यातलं. गिरणगावात अशा गावकीच्या खोल्या एकेकाळी गल्लोगल्ली होत्या. गावचा माणूस मुंबईत उतरला की वळकटी घेऊन थेट खोलीवर. परवानगी मागायची नाही. कुणाचा कोण ते सांगितलं की संपलं. एक ट्रंक, एक खुंटी आणि अंथरुणापुरती जमीन, हा त्याचा हक्क. माझे आजोबा, रामू, इथे राहून गिरणीत गेले. वडील इथे राहून आयटीआय शिकले आणि गावी परतले. मी एम.ए. करायला आलो तोही इथेच. आम्ही खोलीत बारा जण राहायचो.

त्यात अकरा वेळशेतचे आणि एक कुशाबाकाका. पण असं अकरा आणि एक कुणी कधी म्हटलं नव्हतं. बारा म्हणायचो.

कुशाबाकाका घाटावरचे, पाटणच्या बाजूचे. एवढंच सगळ्यांना माहीत. कोकण्यांच्या खोलीत घाटी माणूस कसा आला, तर ब्याऐंशीच्या संपात. ते ज्यांच्याबरोबर राहत होते ती मंडळी गाशा गुंडाळून गावी गेली आणि खोली बंद पडली. आजोबा आणि ते एकाच गिरणीत, एकाच खात्यात. आजोबांनी त्यांना ट्रंकेसकट इथे आणलं आणि खोलीला सांगितलं, "हो आपलो. हयच ऱ्हवतलो." रामू म्हणाला म्हटल्यावर पुढे कुणी विचारलं नाही. आजोबा गेले त्याला आता वीस वर्षं होतील. कुशाबाकाका राहिले. चिंचपोकळीला एका वर्कशॉपमध्ये नोकरी केली, तीही सुटली, तरी राहिले. लग्नबिग्न केलं नाही. सकाळी नळाला पाणी येण्याआधी उठणारा खोलीतला एकमेव माणूस. सगळ्यांचं पाणी भरून, देवापुढे दिवा लावून, मग चहा. माझ्या परीक्षेच्या दिवसांत माझा कप माझ्या उशाशी आणून ठेवायचे आणि वर म्हणायचे, "ऊठ लका, त्यो युरोप काय पळून जात न्हाय, पर च्या थंड व्हतोय." चाळीस वर्षं कोकण्यांत काढली तरी त्यांचं न्हाय आणि हाय काही सुटलं नव्हतं.

गणपतीला आणि शिमग्याला आमची खोली रिकामी होते. सगळे कोकणात. कुशाबाकाका मागे राहायचे. तुम्ही नाही का जात गावाला, असं विचारलं की म्हणायचे, "मंग खोलीला कोन?" आम्हाला वाटायचं, काय भला माणूस आहे. येताना आम्ही त्यांना जत्रेतलं खाजं आणायचो आणि आपण फार केलं असं समजायचो.

आता युरोप. आमच्या एम.ए.ला युरोपीय संघाचा एक पेपर आहे. मी तो घेतला कारण त्याची वेळ सोयीची होती, खोटं कशाला बोलू. शिकवायला ऋता मॅडम. गिरगावच्या, शांत बोलणाऱ्या, पण प्रश्न असा विचारतील की माणसाला आपली अक्कल गहाण पडल्यासारखी वाटेल. त्यांनी युरोपीय नागरिकत्व शिकवायला घेतलं आणि मी पहिल्यांदा वहीतून मान वर केली. मास्ट्रिक्टचा करार, ज्यातून युरोपीय संघ म्हणजे युनियन उभी राहिली, मग युनियनचं नागरिकत्व. जो सदस्य देशाचा नागरिक तो युनियनचाही नागरिक. पोर्तुगालचा माणूस उठून फिनलंडला जातो, राहतो, काम करतो, तिथल्या नगरपालिकेला मत देतो. तू इथे कसा, असं त्याला कुणी म्हणू शकत नाही.

माझा हात आपोआप वर गेला. "मॅडम, हे आमच्याकडे शंभर वर्षं चालू आहे."

वर्ग हसला. जुई म्हणून एक मुलगी आहे, दादरची, वडील आणि आजोबा दोघं वकील. ती म्हणाली, "म्हणजे लालबाग म्हणजे ब्रसेल्स का रे?" ब्रसेल्स म्हणजे युनियनचं मुख्यालय. तेव्हापासून वर्गात मला ब्रसेल्स म्हणतात. मी मात्र नेटानं खोलीचं सगळं सांगितलं. ट्रंक, खुंटी, अंथरूण. मॅडम मन लावून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "छान आहे हे. यावरच प्रेझेंटेशन करा. पण मला सांगा, तुमच्या खोलीत सभासद कोण, हे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही, मॅडम."

"मग वाद झाला तर?"

"होत नाही वाद."

"होत नाही हे उत्तर नाही," त्या म्हणाल्या. "नागरिकत्व म्हणजे आधी व्याख्या. आत कोण, हे ठरल्याशिवाय हक्क कुणाला देणार?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. वर्गात असंच शिकवायचं असतं. पण मला ते फार झोंबलं. त्या दिवशी खोलीवर आलो तर मला ती खोली एकदम गबाळी वाटायला लागली. शंभर वर्षं झाली आणि साधी नियमावली नाही. कुणीही यावं, कुणीही पथारी टाकावी. आपले लोक म्हणजे ना, असं मनात म्हणालो. ती माझी पहिली चूक.

नेमकं त्याच महिन्यात चाळीचं पुनर्विकासाचं पक्कं झालं. चाळ पडणार, नवी होईस्तोवर आम्हाला शीवला तात्पुरत्या जागेत खोली मिळणार. त्यासाठी बिल्डरच्या ऑफिसनं राहणाऱ्यांची यादी मागितली, म्हणजे ओळखपत्रं काढता येतील. आणि मंडळाची खोली असल्यामुळे सभासद कोण ठरवणारी नियमावली यादीला जोडा म्हणाले. मंडळाचे चिटणीस दत्ताराम काका, छापखान्यातून निवृत्त झालेले, तीस वर्षं चिटणीस. ते माझ्यापाशी आले.

"तू पॉलिटिक्स शिकतंस मा? मगे लिही चार कलमां. भाषा जरा वजनदार ठेव."

मला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता. प्रेझेंटेशनही होतंय आणि मंडळाचं कामही. एका दगडात दोन पक्षी. मी लॅपटॉप उघडून बसलो आणि लक्षात आलं की मला खोलीचे नियम माहीतच नाहीत. दोन वर्षंच तर झाली होती येऊन. नियम माहीत होते ते कुशाबाकाकांना.

सलग दोन दुपारी त्यांनी मला नियम सांगितले. ते तांदूळ निवडत बोलायचे आणि मी टाईप करायचो. आजारी माणसाचं अंथरूण हलवायचं नाही, मग तो कितीही वाटेत येवो. गावाकडून कुणाच्या मरणाची खबर आली की त्या दिवशी खोलीत मासळी शिजणार नाही. नवा आला तर पहिले आठ दिवस त्यानं पाणी भरायचं नाही, त्याला आधी मुंबई बघू द्यायची. बेकार असलेल्याला जेवताना कामाचं विचारायचं नाही. असं ते सांगत गेले. ह्यातलं निम्मं मी कधी ऐकलंही नव्हतं, आणि माझ्या बाबतीत मात्र ते पाळलं गेलं होतं.

"आणि पाहुणा आला तर?" मी विचारलं.

"पावना पंधरा दिस," ते म्हणाले. "सोळाव्या दिशी पावन्यालाच लाज वाटाय पायजे. हाकलायचं न्हाय. त्याचं त्यानं समजायचं."

मी लिहिलं : पाहुण्याने पंधरा दिवसांपेक्षा अधिक राहू नये.

सगळे नियम झाले. मग मी पहिलं कलम लिहिलं. ते कुशाबाकाकांनी सांगितलं नव्हतं, ते माझं. सभासद म्हणजे वेळशेत गावचा मूळ रहिवासी, ज्याच्या कुटुंबाचे घर गावात नोंदलेले आहे, किंवा त्याचा वंशज. लिहून मला इतकं समाधान वाटलं की मी दोनदा वाचलं. सदस्य देशाचा नागरिक तो युनियनचा नागरिक, तसा गावचा रहिवासी तो खोलीचा सभासद. एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही.

कुशाबाकाका म्हणाले, "समदं वाचून दाव की." मी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. ते तांदळाचं ताट मांडीवर घेऊन ऐकत होते. पहिलं कलम वाचताना मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शपथेवर सांगतो, मला त्यांचं नावच आठवलं नाही. ते खोलीत इतके होते की ते नाहीत असं होऊ शकतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. संपल्यावर ते म्हणाले, "झ्याक लिवलंयस," आणि ताट घेऊन उठले. त्यांना तेव्हा कळलं होतं का, हा विचार मी त्यानंतर किती वेळा केला असेल. मला वाटतं, कळलं होतं.

रविवारी दुपारी मंडळाची मिटिंग झाली. आमच्यात हात वर करून मतदान होत नाही. चिटणीस तीनदा विचारतो, कुणाची हरकत? तीनदा कुणी बोललं नाही की ठराव पास आणि साखर वाटायची. मी उभं राहून नियमावली वाचली. भाषा वजनदार होती, दत्ताराम काका खूश दिसत होते. कुशाबाकाका नेहमीसारखे उंबऱ्यापाशी बसले होते, बाजूला चहाचं पातेलं.

मनमोहनदादा फोर्टला वकिलाच्या ऑफिसात क्लार्क आहेत. कागद नीट वाचायची त्यांना सवय. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मगे कुशाबाकाकांचा काय? पयल्या कलमात ते बसत नाय."

दत्ताराम काका म्हणाले, "कुशाबा आपलोच मनीस. तेका कलम कित्याक व्हया?"

"आपलोच, माका मान्य," मनमोहनदादा म्हणाले. "पण कागद वाचणारो आपलो नाय. यादीत नाव घालूचा तर कलमात बसूक व्हया. नायतर कलम तरी बदला. हितेंद्र, लिवलंस तू. तूच सांग."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मनमोहनदादांनी तर वाट उघडून दिली होती. कलम तरी बदला, म्हणाले होते. एक ओळ घालायची होती. 'किंवा जो इतकी वर्षं खोलीत राहिला आहे तो.' माझ्या हातात पेन होतं.

पण माझ्या डोक्यात काय होतं? दोन आठवड्यांवर आलेलं प्रेझेंटेशन. ती व्याख्या मी पडद्यावर दाखवणार होतो, जुईच्या नाकावर टिच्चून. तिला शेपूट लावलं की ती पुन्हा गबाळी होणार. आणि खरं सांगायचं तर अकरा माणसं माझ्या तोंडाकडे बघत आहेत, वडीलधारी माणसं, हे मला आवडलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

मी म्हणालो, "एका माणसासाठी व्याख्या वाकवली तर ती व्याख्या राहत नाही. उद्या आणखी कुणी येईल. युरोपातसुद्धा आधी सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं, मगच बाकीचे हक्क. तसं कुशाबाकाकांचं घाटावर स्वतःचं गाव आहेच ना. आपण त्यांना कुठे जा म्हणतोय? पाहुणा म्हणून राहतील. पाहुण्याचं कलम आहे की आपल्याकडे."

आहे की, म्हणालो मी. पंधरा दिवसांचं.

कुणीतरी घसा खाकरला. दत्ताराम काका कुशाबाकाकांकडे बघत होते. कुशाबाकाका उंबऱ्यावरून म्हणाले, "पोरगं बरुबर बोलतंय. गावचं ते गावचं."

दत्ताराम काकांनी विचारलं, कुणाची हरकत? थांबून पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं, आणि त्या वेळी खूप थांबले. अख्खी खोली मूग गिळून बसली होती आणि मी माझ्या कागदाकडे बघत होतो. मग साखर वाटली गेली. चहा कुशाबाकाकांनीच दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला उठवलं आणि विचारलं, "च्या करू का?"

मी म्हणालो, "करा की." मग जाग येऊन लक्षात आलं की हा प्रश्न त्यांनी आजवर विचारला नव्हता. त्यानंतर ते सगळंच विचारायला लागले. बादली घेऊ का. दिवा लावू का. रेडिओ बारीक करू का. त्यांचं अंथरूण होतं त्या जागेवरून थोडं गॅलरीच्या दाराकडे सरकलं, मग आणखी थोडं. मला राग यायचा. एकदा तर मी खेकसलो, "काका, हे काय नाटक लावलंय? घ्या ना बादली, तुमचीच आहे." ते म्हणाले, "न्हाय, इचारल्यालं बरं." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडलो असतो आणि कदाचित भांडणातून काही सरळ झालं असतं.

बाराव्या दिवशी माझं प्रेझेंटेशन झालं. उत्तम झालं. ऋता मॅडम म्हणाल्या, "व्याख्या नेमकी केलीत." जुईनंसुद्धा टाळ्या वाजवल्या. मी उड्या मारत खोलीवर आलो, येताना सगळ्यांसाठी गरम वडे घेतले. कुशाबाकाकांसमोर पुडा धरला तर ते हसून म्हणाले, "पावन्यालाबी?" सगळे हसले. मीही हसलो. आता वाटतं, त्या वेळी कुणी माझ्या एक मुस्काटात मारायला हवी होती.

पंधराव्या दिवशी कॉलेजातून आलो तर खुंटी रिकामी. ट्रंक नाही. पाणी भरलेलं होतं, दिवा लावलेला होता, किल्ली त्यांनी दत्ताराम काकांकडे दिली होती. कुठे जातो ते सांगितलं नव्हतं. "गावाक गेलो असतलो," सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो. त्यांचं गाव कोणतं, हे मात्र आमच्यातल्या एकालाही सांगता येईना. ट्रंकेवर गावाचं नाव होतं का, एवढंसुद्धा कुणाला आठवेना.

यादी गेली, अकरा नावांची. आणि पुढच्याच आठवड्यात ऋता मॅडमनी वर्गात पुढचा भाग काढला. जे सदस्य देशाचे नागरिक नाहीत, बाहेरून आलेले आहेत, त्यांचं काय? तर बहुतेक सदस्य देशांत असा नियम आहे की कायदेशीरपणे सलग पाच वर्षं राहिलेल्याला दीर्घकालीन रहिवाशाचा दर्जा मागता येतो. तो नागरिक होत नाही, पण त्याला सहजासहजी उठवता येत नाही.

पाच वर्षं. मी वहीत ते लिहिलंच नाही. जे पुस्तक नाचवून मी एका म्हाताऱ्याला उठवलं, त्याच पुस्तकात पुढच्या प्रकरणात त्याला ठेवून घ्यायची सोय लिहिली होती, आणि मी तिथपर्यंत वाचलं नव्हतं. अर्धवट शिकलेला माणूस म्हणजे मी. आणि त्याहून वाईट म्हणजे, हे कळायला मला पुस्तक लागलं. आजोबा चौथी शिकले होते. त्यांना लागलं नव्हतं.

संध्याकाळी मी दत्ताराम काकांकडे गेलो. म्हणालो, कलम बदलूया. ते गुडघा चोळत बसले. मग म्हणाले, "तीन वेळा इचारलंय मी. तिसऱ्या टायमाक तुझ्यासाठीच थांबलंय. तेव्हा तुझी वाचा खंय गेली होती? आता वरातीमागसून घोडा घेवन इलंस."

"तुम्ही का नाही बोललात?" मी चिडून विचारलं.

"चुकलाच माझा," ते म्हणाले. "शिकलेलो झील बोलता, म्हणान गप ऱ्हवलंय." शिकलेला मुलगा म्हणजे मी.

पुढच्या रविवारी दुरुस्ती मांडली. दहा वर्षं सलग खोलीत राहिलेला कोणीही माणूस अर्ज करून सभासद होऊ शकेल. मनमोहनदादांनीच अनुमोदन दिलं. तीनदा विचारून झालं, पाच मिनिटं लागली नाहीत. इतकं सोपं होतं ते. बिल्डरच्या ऑफिसनंही सांगितलं की महिनाअखेरीपर्यंत नाव वाढवता येईल. मी अर्जाचा फॉर्म तयार केला. नाव, वय, मूळ गाव, तालुका, खोलीतील वास्तव्य. सुंदर चौकोन आखले.

चिंचपोकळीच्या त्यांच्या जुन्या वर्कशॉपमध्ये पत्ता लागला. रे रोडला लाकडाच्या एका वखारीत वॉचमन आहेत, राहायलाही तिथेच. मी त्याच दुपारी गेलो.

फाटकाच्या आत खुर्ची टाकून बसले होते. अंगात खाकी शर्ट, दुसऱ्या कुणाच्या मापाचा. मला बघून त्यांचा चेहरा फुलला, ते मला सहन झालं नाही. "आरं हितू, हिकडं कसा? ये, बस. च्या सांगतो." फळ्यांच्या थप्पीवर त्यांनी मला जागा झाडून दिली. खोलीतल्या एकेकाची चौकशी केली. दत्तारामचा गुडघा कसा आहे, पाणी कोण भरतं. मी सांगितलं, पाळी लावली आहे. "टिकंल का पाळी?" ते म्हणाले.

मी नवं कलम वाचून दाखवलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. मी म्हणालो, "काका, आता तुम्ही रीतसर सभासद. फक्त अर्ज भरायचा. मी लिहितो, तुम्ही सांगा." नाव लिहिलं. वय अडुसष्ट. मग मी विचारलं, "मूळ गाव?"

ते फाटकाकडे बघायला लागले.

"मूळ गाव काय लिहू, काका?"

"त्ये न्हाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"नाव हाय. गाव न्हाय. कोयनेच्या धरनात गेलं. म्या चार-पाच वर्सांचा आसंन तवा. आमास्नी लांब दुसरीकडं जागा दिली. तितं आई-बा जास्ती टिकलं न्हाईत. मंग म्या मामाकडं, मंग हितं मुंबईत." हे सगळं त्यांनी बसचा रस्ता सांगावा तसं सांगितलं.

मी फॉर्म बाजूला ठेवला. "मग गणपतीला, शिमग्याला तुम्ही..."

"कुटं जानार?" ते म्हणाले. "रामूला ठावं व्हतं. त्याला म्या संपाच्या वक्ताला सांगितलं. समदी गावाला निगाली, म्या कुटं जाऊ म्हनून. तर त्यो म्हनला, आमच्या खोलीत चल. हे कुनाला सांगू नगंस, आन कुनी इचारनारबी न्हाय. खरंच कुनी इचारलं न्हाय बग."

त्यांचं घाटावर स्वतःचं गाव आहेच ना. भर मिटिंगमध्ये, उभं राहून, मी म्हणालो होतो. आणि ते उंबऱ्यावर बसून ऐकत होते.

मी म्हणालो, "काका, फॉर्म राहू द्या. मी तो चौकोनच काढून टाकतो. तुम्ही नुसते चला. आत्ता चला, मी ट्रंक घेतो."

"न्हाय रं," ते म्हणाले. "हितं बरं हाय. हितं म्या वाचमन. कुनी इचारलं तर सांगाय येतंय."

मला रडू यायला लागलं होतं आणि ते दिसू नये म्हणून मी रागानं बोलल्यासारखं बोललो. "चुकलो मी, काका. मी तुम्हाला पाहुणा म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो. मला माफ करा."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला समजावावं तसं म्हणाले, "तू काय खोटं बोललास व्हय? पावनाच व्हतो. येवढ्या वर्सांत म्याच इसरून गेलो व्हतो."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला आणि ते फाटक उघडायला उठले.